राहिलेला एक हात

मी बादली बोलतेय. जस्ती पत्र्याची, जड, कडीला लाकडी मूठ असलेली. माझे मालक ट्रक चालवायचे. लग्न झालं त्याच आठवड्यात त्यांनी मला घरी आणलं. "हिला उचलायला पैलवान लागेल," मालकीणबाई म्हणाल्या, आणि पुढची तीस वर्षं त्यांनीच मला उचललं.

माझ्यात कपडे भिजले, फरशी पुसून पाणी काळं झालं, माझ्या पाण्याने ट्रकची चाकं धुतली गेली. नळ आटला की जिन्यावरून खेपा माझ्याच. पाहुणे जास्त झाले की मला उपडी घालून कुणीतरी वर बसायचं. मग घरात निळी प्लास्टिकची बादली आली नि माझी रवानगी माळ्यावर झाली. वाईट वाटलं, पण माणसांचे हात थकतात, त्यांना हलकंच बरं पडतं.

मालकीणबाई गेल्या. मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा येणारा. घरात मालक आणि सूनबाई, दोघंच. त्यात मालकांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. एकदा आंघोळीला बसताना त्यांनी प्लास्टिकच्या बादलीवर हात टेकला. ती सरकली, ते पडले. त्यानंतर ते न्हाणीत जाईनात. सहा दिवस झाले.

"माणूस लावू का, बाबा?"

"परक्याकडून नको. तुझ्याकडून तर नकोच."

सूनबाईंनी माळ्याखाली स्टूल ओढलं. स्टुलावर चढून त्यांनी मला खाली काढलं, घासलं, कोमट पाण्याने अर्धी भरून भिंतीला टेकवून ठेवलं. "ही हलायची नाही. मी दाराबाहेर आहे. लागलं तर हिच्यावर भांडं वाजवा."

मालकांनी माझ्या काठावर सगळा भार टाकला. मी हलले नाही. अर्धा तास गेला. दाराखालच्या फटीतून सूनबाईंची पावलं दिसत होती, तीही हलली नाहीत. शेवटी मालकांनी पंचा गुंडाळला आणि हळूच भांडं वाजवलं.

"पडलात का?"

"नाही." ते खाली बघत म्हणाले, "सगळं जमलं. हा डावा हात तेवढा राहिला. त्याला धुवायला दुसरा हात नाही."

सूनबाईंनी साबण घेतला आणि तो हात धुतला, खांद्यापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत, सावकाश. पुढे चार वर्षं रोज असंच चाललं.

मालकांना जाऊन दोन वर्षं झाली. माझं बूड गंजलंय, पाणी धरत नाही. सूनबाई माझ्यात पिळलेले कपडे घेऊन गच्चीवर जातात. एक दिवस भंगारवाला येईल. जायला माझी ना नाही. फक्त त्याने मला पायाने ढकलू नये, कडीला धरून उचलावं, एवढंच.