चंदाबाईचे काळे तळवे

पुसदच्या आमच्या नर्सिंग शाळेसमोरील टिनाच्या शेडखाली त्या रविवारी उभे राहायलाही जागा नव्हती. वाटीवाले महाराज एकेकाच्या तळपायाला तूप चोळत, त्यावर काशाची वाटी घासत, आणि पाहता पाहता ते तूप काजळासारखे काळे होई. गर्दी एका श्वासात म्हणे, "निघालं!"

"सुई दंडात जाते, पोरींनो," महाराज सांगत, "पण लसीचं जहर कुठी उतरते? तळपायात! डॉक्टरले हे ठाऊक नाही, मले ठाऊक आहे."

पानठेल्यावरच्या उत्तमसिंगने कधीच लस घेतली नव्हती; त्याचेही तळवे काळे झाले. महाराज किंचितही डगमगले नाहीत. "तुले दुसऱ्याच्या लसीची हवा लागली, बापू!" लोकांनी माना डोलावल्या.

मी मागे उभा होतो. गर्दीत बोलणे मला कधी जमले नाही. उतरत्या उन्हात ती वाटी फार सुंदर चमकत होती, आणि त्या सौंदर्याचेच मला वाईट वाटत होते. कारण रांगेत आमच्याच वर्गातल्या मुली होत्या, शरीरशास्त्र तोंडपाठ असलेल्या. सलोनीही होती. लवकरच तिची ड्यूटी नवजात बालकांच्या कक्षात लागणार होती, आणि यंदाची फ्लूची लस तिने नाकारली होती.

"मागच्या साली लस घेतली अन् दुसऱ्याच दिवशी अंग तापलं. फ्लूच झालता मले," ती म्हणाली.

"पण यंदा घेतलीच नाही, मग इथे कायले?" मी विचारले.

"मागची आत असन ना, ब्रदर!"

मी हे सारे आमच्या शिक्षिका अनघा मॅडमना सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "वाद घालू नका. करून दाखवा." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून काशाची वाटी आणि तूप आणले.

आमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत एक रबरी पुतळा आहे. त्याला अंघोळ घालून, इंजेक्शन टोचून आम्ही शुश्रूषा शिकतो. मुलींनी त्याचे नाव चंदाबाई ठेवले आहे. साऱ्या वर्गासमोर मी चंदाबाईच्या तळव्याला तूप चोळले आणि वाटी घासू लागलो. तूप राखाडी झाले, मग काळे.

"अगं माय! चंदाबाईले फ्लूची लस कोणी देल्ली?" निकिता खदखदून हसली.

"तिले आपण रोज सुया टोचून राह्यलो," मोनाली गंभीरपणे म्हणाली. "जहर तर असनच!"

"त्या सुयांत नुसते पाणी असते!" माझा आवाज इतका चढला की मीच दचकलो. जे डोळ्यांसमोर घडले तेही दिसू नये, याला काय म्हणावे?

मॅडमनी वाटी उचलून दाखवली. "काशात तांबं असतं. तुपातल्या आम्लाशी त्याचा संयोग होतो, घासल्याने धातूचे बारीक कणही सुटतात. हा काळेपणा वाटीचा आहे, पायाचा नाही."

"महाराज खोटे, मानलं," सलोनी हळूच म्हणाली. "पण माझा ताप तर खरा होता."

"खराच होता. शरीर संरक्षण उभारताना एखादा दिवस अंग तापतं. पण आपण टोचतो त्या लसीतला विषाणू निष्क्रिय असतो. त्याने फ्लू होत नाही."

"मग त्या बाळांनाच लस द्या ना, मॅडम."

"सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही, सलोनी. म्हणून त्याला हातात घेणाऱ्यांनी घ्यायची."

सलोनीने चंदाबाईच्या तळव्यावरचे काळे तूप पुसून काढले. मग तिने बाही वर केली. "टोचा. अन् माझी ड्यूटी दोन आठवडे पुढे ढकला. लसीचा जोर यायला तेवढा वेळ लागते, हे मलेही ठाऊक आहे."

संध्याकाळी शेडखाली पुन्हा रांग लागली. तिच्यात मोनाली होती.

वाचकहो, महाराजांपुढे पाय पसरण्याआधी तेच तूप आपल्या रबरी चपलेला लावा आणि तीच वाटी घासा. चपलेला कोणी लस दिलेली नसते. ती काळी झाली, की मुकाट्याने उठा आणि दवाखान्यात जाऊन दंड पुढे करा. पाळण्यातल्या त्या बाळाला स्वतःचा पुढे करता येत नाही.