चुन्याचा दगड

मला घर सोडून जायची सवयच आहे. आई वारली त्या वर्षी दोनदा गेले. दोन्ही वेळा मामाने जिंतूरच्या स्टँडवरून ओढत आणलं. तिसऱ्यांदा मात्र थेट पुणं ठरवलं होतं. बारावी गेली उडत आणि पोलीस भरती गेली खड्ड्यात.

फक्त सिद्धोधन काकांनी पळायला दिलेले बूट परत करायचे होते. काका म्हणजे पोलिसातले रिटायर जमादार. भरतीसाठी मला ते रोज पहाटे येलदरीच्या रस्त्यावर पळवायचे. पिंपळापासून चुना लावलेल्या दगडापर्यंत आठशे मीटर. दोन महिने जीव काढला, पण वेळ तीच, तीन मिनिटं दहा सेकंद. माझं डोकं भणभणायचं.

बसला अजून अर्धा तास होता. काका आले नव्हते. बूट दगडावर ठेवायला वाकले, तर थोडं मागे कडेच्या गवतात दगडाच्याच मापाचा पिवळा चट्टा दिसला. त्याच्या अलीकडे दुसरा. तिसरा हिरवा व्हायला लागलेला. मागे मागे जात मी सात चट्टे मोजले.

तेवढ्यात काका सायकलवरून उतरले.

"दगड सरकवायलाव तुमी!" मी ओरडले.

"हौ. पैल्या दिशी पाचशेवर ठेवला व्हता. तितक्यात दोनदा खाली बसलीस. आठशे पळवलं असतं तर दुसऱ्या दिशी आली असतीस का, संघप्रिया?"

"खोटं बोललाव मला."

"बोललो."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच संताप आला. आई बरी होईल, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. खोटं न बोलणारा हा एकच माणूस उरला होता.

"आता किती हाय?"

"सातशे चाळीस. तितक्याच टायमात."

मी पिशवी त्यांच्या सायकलला अडकवली. दगड उचलला, छातीशी धरला आणि साठ ढांगा मोजून पुढे नेऊन टाकला. परत येऊन विचारलं, "आता आठशे?"

काकांनी नजरेनं अंदाज घेतला. "वरच असंल थोडं."

"पुन्हा हात लावायचा न्हाई त्याला."

"न्हाई लावत."

पिंपळाखाली जाऊन मी बूट घातले, नाड्या आवळल्या. बस हॉर्न देत बाजूने गेली तेव्हा मी पळत होते, आणि दगड किती लांब आहे ते मला पहिल्यांदाच माहीत होतं.