अठ्ठेचाळीस तिरपे वासे

लाकूड स्वच्छ करा, एवढंच नीलांबरीने सांगितलं होतं. रंधा मारा, असं काही ती झोपेतसुद्धा बोलली नसती.

जर्मनीत कायझर्सलाउटर्नजवळच्या खेड्यातला तो छपराचा लाकडी पूल दुरुस्तीसाठी सुटा केला होता. त्याचे अठ्ठेचाळीस तिरपे वासे शेडमध्ये आले आणि ठेकेदाराच्या नीटनेटक्या माणसांनी ते मशीनवर घालून गुळगुळीत केले. दोनशे वर्षांपूर्वीच्या सुतारांनी प्रत्येक वाशावर पटाशीने खूण कोरली होती, तो कुठे बसायचा याची. खुणा आहेतच, म्हणून नवे नंबर कुणी टाकले नव्हते. आता सगळ्या खुणा भुशात गेल्या होत्या.

"हे बघा, दिसतायत मात्र छान," साइटचा प्रमुख क्रुम म्हणाला. वर त्याने उपायही सांगितला. "जागा सापडत नसतील तर नवे वासे घालू. छपराखाली कुणाला कळतंय? तुम्ही फक्त सही करा."

नीलांबरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी वाटोळं करायचं आणि मग त्यावर तिचीच सही मागायची. पुलाची इंजिनिअर ती होती. तिने सही केली की जुने वासे सरपणात जाणार आणि गावाला जुन्या पुलाचं सोंग मिळणार.

तिचे सासरे शरदचंद्र र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. घरी तिचा संताप त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"वाशांची टोकंही तासली का गं?"

"नाही, बाबा. टोकं बारीक कोरलेली आहेत, मशीनचं पातं तिथे पोचलंच नाही."

"मग झालं तर. हाताने घडवलेलं टोक परक्या खाचेत नीट बसत नाही. एकेक लावून बघायचं."

शनिवारी शेडमध्ये दोघांनी पहिला वासा उचलला. पुलाच्या मोठ्या तुळयांतल्या दहा खाचांनी त्याला नाकारलं. अकराव्या खाचेत तो सरळ आत गेला आणि खुंटीची भोकंही समोरासमोर आली. नीलांबरीचे डोळे भरून आले, पण क्रुम समोर होता म्हणून तिने ते पुसले नाहीत.

क्रुमने मोबाइलवर तारखा पाहिल्या. "असं करत बसलात तर सहा आठवडे जातील. चौदा तारखेला उद्घाटन आहे. निमंत्रणं गेली, बँडही ठरलाय."

"जा, मग करा की उद्घाटन," नीलांबरी म्हणाली. "बँड वाजवा, फीत कापा, भाषणं करा. पूल सहा आठवड्यांनी येईल."

सही न केलेला कागद तिने त्याच्या हातात परत दिला आणि दुसऱ्या वाशाकडे वळली.

"बाबा, पलीकडून धरता का?"