चिठ्ठीवर नाव नव्हतं

"आता तरी समजलं का गं, सृष्टी?"

नाथाजी सरांनी खडू खाली ठेवून अगदी मायेनं विचारलं आणि दहावीचा वर्ग खदाखदा हसला. सृष्टीची मान जी खाली गेली, ती घंटा होईपर्यंत वर आली नाही. सर चक्रावले. एवढं जीव तोडून सगळं पहिल्यापासून शिकवलं, मग बिनसलं कुठं?

त्याचं असं झालं होतं. माण तालुक्यातल्या त्या हायस्कुलात तक्रारपेटी सरांकडे. दर शनिवारी ते कुलूप काढायचे. या खेपेला एक चिठ्ठी निघाली : 'वर्गसमीकरण डोक्यात शिरत नाही. विचारलं तर पोरं हसतात.' खाली नाव नव्हतं. पण अठ्ठावीस वर्षं वह्या तपासलेला माणूस तो! 'र'ला तसलं लांब शेपूट सबंध शाळेत एकाच पोरीचं. सरांना कोण आनंद झाला. पोरगी गुणी, आईबाप मेंढरं घेऊन सहा-सहा महिने बाहेर; ही दहावी पास व्हायलाच हवी, असं त्यांनी मनावर घेतलं.

पुढचे तीन शनिवार पेटी रिकामी. एकदा तेवढा चॉकलेटचा कागद निघाला.

शेवटी न राहवून सरांनी सृष्टीला व्हरांड्यात गाठलं.

"रागावलीस व्हय माझ्यावर?"

"न्हाई, सर."

"अगं, तुला यावं म्हणूनच शिकवलं की!"

"व्हय. लय चांगलं शिकवलं. मला आलं बी."

"मग पेटीत कुणीच काही का टाकत नाही?"

ती दप्तराचा बंद पिळत राहिली. "चिठ्ठीवर नाव न्हवतं, सर," एवढंच म्हणाली आणि वर्गात पळाली.

सर तिथंच उभे. आता यात चूक ती काय? लेकराला ओळखायचंच नाही, तर मास्तर कशाला व्हायचं? घरी घास तोंडात फिरत राहिला, तरी त्यांना उलगडा होईना.

चौथ्या शनिवारी पेटीत एक चिठ्ठी होती. डाव्या हातानं लिहिलेली, अक्षरं वाकडीतिकडी : 'अंकगणिती श्रेढी परत एकदा सांगा.' पण 'परत'मधल्या 'र'ला शेपूट होतंच. सरांना हसू आलं आणि लगेच फार वाईट वाटलं. पोरीला आपल्यापासून लपायला हात बदलावा लागला!

वर्गात जाऊन त्यांनी फळ्यावर श्रेढी मांडली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोरांकडे पाठ करूनच शिकवली. 'समजलं का' अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. बरोबर केलं की पुन्हा चुकलो, कोण जाणे.

मागं कुणीतरी हळूच वहीचं पान उलटलं. सरांनी वळून पाहिलं नाही.