झाकण उघडायचं राहून गेलं

माझ्या झाकणावर एक पोचा आहे, मित्रांनो, आणि कडीला गंज चढलाय. मी एक जुना जेवणाचा डबा आहे. पत्र्याचा, काळ्या रंगाचा. ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावरच्या एका स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर बसून असतो.

मला प्रथम हातात घेतलं ते आर्मांदोने. तो गोदीत वेल्डर होता, पाणबुड्या जोडायचा. त्याची बायको माझ्यात लसणीचं सॉसेज आणि गोड पाव भरायची. मी भरलो की सकाळ, मी रिकामा झालो की सांज. फाटकावरचा पहारेकरी रोज मला उघडायला लावायचा आणि म्हणायचा, "आर्मांदो, या वासाने शत्रूला पाणबुडी लांबूनच कळेल की रे!" फार सुखाची वर्षं होती ती.

आर्मांदो निवृत्त झाला आणि मी गॅरेजमधल्या फळीवर गेलो. धूळ बसली. तिथेच एका उन्हाळ्यात त्याची नात लिदिया, तेव्हा एकोणीस वर्षांची, हिने मला उघडलं आणि माझ्या पोटात जेवण सोडून भलतंच काही ठेवलं. गांजाची पुडी. ती आणि तिचा चुलतभाऊ तेओ गॅरेजमागे बसून ओढायचे, खोकायचे, हसायचे. पानगळ लागली आणि लिदियालाच त्याचा वीट आला. तिने मला साबणाने घासलं, उन्हात वाळवलं. पुन्हा त्या वाटेला ती गेली नाही. मी साक्षी आहे.

पाच वर्षांनी लिदियाही वेल्डर झाली. आजोबांच्याच गोदीत, पाणबुडीच्या आत काम करायचं, एवढंच तिचं स्वप्न. पण तिथल्या गुपितांजवळ जायचं तर सरकारची परवानगी लागते, आणि त्यासाठी हा एवढा मोठा अर्ज. तो भरायला ती बसली, तेव्हा आर्मांदो नातीच्या नव्या नोकरीसाठी मला घासूनपुसून लखलखीत करत होता.

"वावो," ती आजोबांना म्हणाली, "इथे विचारलंय, गेल्या सात वर्षांत नशा केली का."

"मग? केलीस का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "एक उन्हाळा. गांजा."

"हात्तिच्या! तो तर आता कायद्यानेच कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, दूध-पावासारखा. नाही म्हण आणि मोकळी हो."

"पण वावो, ते खोटं..."

"चाळीस वर्षं काढलीत मी तिथे! हो म्हणणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवतात. लिही, पोरी."

तिने 'नाही'वर खूण केली. सगळं खरं लिहिलंय, असं वचन देऊन खाली सही केली. माझं झाकण उघडंच होतं, मित्रांनो. तोंड होतं, वाचा नव्हती.

अर्ज पडताळायची तिथली रीत अशी, की सरकारचा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं वाजवतो. शेजारच्या म्हाताऱ्या फिलोमेनाने त्याला कॉफी पाजली आणि मग हसतहसत आमच्याकडे सांगायला आली. "मी तुझं कौतुकच केलं गं, लिदिया! म्हटलं, त्या एका उन्हाळ्यात गॅरेजमागून गांजाचा वास यायचा, पण पोरीने स्वतःहून सोडलं. एवढ्या खंबीर मनाची आहे!"

आर्मांदोने हातातला कप खाली ठेवला.

मग लिदियाला बोलावणं आलं. तिच्यासमोर फिलोमेनाचे शब्द ठेवले, तेव्हा ती रडून सगळं बोलली. पण कबुलीची वेळ निघून गेली होती. पुढे पत्र आलं, ते तिने उभ्यानेच वाचलं. एका जुन्या उन्हाळ्याचा गांजा, लहान वयातला, स्वतःहून सोडलेला. त्यासाठी परवानगी अडली नव्हती. अडली होती ती विचारल्यावर जाणूनबुजून खोटं लिहिल्यामुळे.

"मीच सांगितलं होतं, असं कळवू का त्यांना?" आर्मांदोने विचारलं.

"नको, वावो. हात माझा होता."

आता ती गावात जिन्यांचे कठडे जोडते. जेवण कागदी पिशवीत नेते. आर्मांदो दर रविवारी मला खाली काढतो, पुसतो, परत वर ठेवतो.

मित्रांनो, माझा गंज काढलात तर बरंच होईल, नाही काढलात तरी रुसणार नाही. भलती वस्तू माझ्यात ठेवली गेली, ती घासून निघाली. ते एक 'नाही' मात्र अजून निघत नाही. डबे जपून भरा. आणि कुणी फाटकावर थांबवून विचारलं, आत काय होतं, तर झाकण आपल्याच हाताने उघडा.