मला सुट्टी देणारी सही

“दोन वर्षं कळ काढ रे बाबा. मग तुझ्या जागी ऊन कामाला येणार आहे.”

एकोणीस वर्षांपूर्वी मिस्त्रीकाका असं म्हणाले होते, माझ्या पाठीवर तेलकट हात ठेवून. तो आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो. मित्रांनो, मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. एका लहानशा दवाखान्यामागे, खिडकीखालच्या सिमेंटच्या ओट्यावर माझा मुक्काम आहे.

आलो तेव्हा मी हिरवागार होतो. वीज गेली की एका झटक्यात सुरू व्हायचो. लसींचा फ्रिज गार राहायचा, बाळंतिणीच्या खोलीतला दिवा तेवत राहायचा. नव्या बाळाचं पहिलं रडणं माझ्या घरघरीत मिसळायचं. लोक म्हणायचे, काय गुणाचा आहे! मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू?

पण दोन वर्षांची दहा झाली, दहाची तेरा. माझा रंग उडाला, बूड गंजलं. माझा धूर सरळ वर जाईना, खिडकीतून आत शिरायला लागला. आणि आत कोण, तर श्वासासाठी आलेली माणसं! मीच वाफेचं यंत्र चालवून त्यांना श्वास द्यायचा आणि मीच तो काळा करायचा. ओट्याला बोल्टने आवळलेला मी. तोंड फिरवावं म्हटलं तरी कुणीकडे फिरवणार?

अखेर सहा वर्षांपूर्वी छपरावर सौर पाट्या चढल्या, आत बॅटऱ्या आल्या. मी मनात म्हटलं, सुटलो. तर जोडणीच्या पेटीला वीजखात्याचं सील लागलं. ते निघायला दोन सह्या हव्या होत्या. त्याच सुमारास खात्याच्या एका ऑफिसची दोन झाली होती. दारातला खांब जुन्या ऑफिसकडे राहिला, छप्पर नव्याकडे गेलं. जुन्या ऑफिसच्या फॉर्मवर छापलं होतं, ‘आधी नव्या ऑफिसची सही आणावी.’ नव्याच्या फॉर्मवर छापलं होतं, ‘आधी जुन्या ऑफिसची सही आणावी.’

नर्सताई दोन्हीकडे जाऊन आल्या. दोन्हीकडे चहा मिळाला, खुर्ची मिळाली. दोन्हीकडचे साहेब म्हणाले, आमची मुळीच ना नाही, फक्त आधी त्यांची सही आणा. परत येऊन ताई मिस्त्रीकाकांना म्हणाल्या, दोन जावई दारात उभे आहेत, आधी तुम्ही, आधी तुम्ही करताहेत आणि जेवण निवतंय. काका पक्कड घेऊन सील तोडायलाच निघाले होते. ताईंनी हात धरला. सील तुटलं तर दवाखान्याची लाइन कापू, अशी नोटीस भिंतीवर होती.

दर आठवड्याला ताई छपरावर जाऊन पाट्या पुसायच्या. पुसता पुसता गुणगुणायच्या.

छपरावरी ऊन माझ्या
वाया वाया जाई,
उतराया खाली त्याला
एक सही नाही.

खाली मी ऐकायचो.

आता आजोबांविषयी सांगतो. दम्याने बेजार झालेले हे आजोबा रोज दुपारी यंत्रावर श्वास घ्यायला येत. खिडकीजवळची खाट त्यांची. वीजखात्यात हेडक्लार्क होते, ऑफिस फुटलं त्याच साली निवृत्त झालेले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, हा माझ्यापेक्षा जास्त खोकतो, याला आधी तपासा. मला त्यांचा लळा होता.

ताई प्रत्येक नवा अर्ज त्यांना वाचून दाखवायच्या. ते कागद हातात घेऊन वेलांटी सुधारायचे, ‘विनंती’च्या जागी ‘नम्र विनंती’ घालायचे. पण ‘आधी त्यांची सही’ हे शब्द आले की त्यांना हमखास उबळ यायची. ते भिंतीकडे वळून खोकत राहायचे. मला वाटायचं, माझाच धूर लागला. मी लाजेने आवाज बारीक करू बघायचो. ते तरी माझ्या हातात कुठे होतं? असे अर्ज झाले अकरा.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं म्हणतात, आम्हाला पुसा, तेल द्या, जपा. माझं मागणं उलटं आहे. मला कामावरून काढा. जपायचंच असेल, तर छपरावर येऊन थांबलेल्या त्या उन्हाला जपा.

परवा दुपारी वीज गेली. आजोबा यंत्रावर होते, शेजारच्या खाटेवर चार वर्षांची मुलगी दुसऱ्या यंत्रावर. मी सुरू झालो, दोन आचके दिले आणि बंद पडलो. काकांनी चारदा हँडल फिरवलं. मी जीव गोळा करत होतो, पण काही केल्या पेटलो नाही. दोन्ही यंत्रं थांबली. ऑक्सिजनचा सिलिंडर एकच उरला होता. ताईंनी क्षणभर आजोबांकडे पाहिलं. त्यांनीच हाताने मुलीकडे खूण केली. मुलीची आई पदर तोंडात धरून उभी होती. मुलीचे निळसर ओठ पुन्हा गुलाबी व्हायला बराच वेळ गेला.

मग ताईंनी आजोबांना पाठीला आधार देऊन बसवलं आणि खिडकी सताड उघडली. मी बंद होतो, म्हणून वारा स्वच्छ आला. थोडा थोडा श्वास त्यांच्या छातीत उतरला. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासाठी केलेलं सगळ्यात भलं काम हेच, बंद पडणं. छपरावर ऊन रणरणत होतं.

ताई हताशपणे म्हणाल्या, “बारावा अर्ज लिहिते. पण नियमच तसा आहे, त्याला कोण काय करणार?”

आजोबा मुलीकडे बघत होते. या वेळी ते खोकले नाहीत.

“नियम नाही गं तो पोरी. ती माझी चूक आहे. दोघांनी एकाच दिवशी, एका टेबलाशी बसून सही करायची, असा मूळ हुकूम होता. दोन्ही फॉर्म मी टाइप केले. चूक तिसऱ्या दिवशीच लक्षात आली, पण तोवर ते छापून गावोगाव गेले होते. निवृत्तीला महिना उरला होता. गप्प बसलो. हुकमाची प्रत माझ्या ट्रंकेत तळाशी आहे, आजच घेऊन जा.”

त्यांनी दम घेतला.

“दमा खरा आहे माझा. पण तू अर्ज वाचायचीस ना, तेव्हाचा खोकला खरा नव्हता.”