विस्तवावरची परै

"ती बाहेर काढायची नाही," चेल्लय्या बापाला म्हणाला.

पेच्चीला आंघोळ घालून नुकतं मांडवाखाली ठेवलं होतं, आणि त्याचा बाप, माझा अण्णा माडसामी, आढ्यामागे दडवलेली परै उतरवत होता. डफासारखीच, कडुनिंबाचं कडं, त्यावर ताणलेलं वासराचं कातडं. जन्मभर दुसऱ्यांच्या मयतापुढे त्यानं ती बडवली.

तीही कशी? वरच्या आळीत कुणी गेलं की गडी यायचा नि दारातूनच अरेतुरे करून हाक मारायचा. चेल्लय्याच्या पाळण्याच्या दिवशीही अण्णा जेवता जेवता उठून गेला होता. म्हणून चेल्लय्या कंडक्टर झाल्यावर त्या पोरानंच आळीची बैठक घेतली. यापुढे कुणाच्याच मयताला परै वाजणार नाही, वरच्यांच्या नाही आणि आपल्याही नाही. घरोघरी परै फोडल्या. पेच्चीनं तेवढी अण्णाची लपवून ठेवली. माझी वहिनी महाहट्टी. नवऱ्याला म्हणायची, "जगाला वाजवून पोचवलंत, मला काय मुक्यानं धाडणार?"

अण्णा पोराला एवढंच म्हणाला, "तिला शब्द दिलाय."

"आणि आळीला दिलेला?"

पोराचं काही चुकत नव्हतं, त्याचाच मला राग येत होता.

घरच्या मयताला घरच्यानं वाजवायचं नसतं, शेजारगावचे येतात. पण आता तिकडेही कुणी वाजवत नाही. अण्णानं दारात पेंढा पेटवून कातडं शेकलं, ते खणखणायला लागलं. चेल्लय्या चितेच्या विस्तवाचं मडकं घेऊन निघाला, बापाकडे न बघता.

आम्ही बायका आळीच्या टोकाशी थांबलो. त्यापुढे आम्हाला जाता येत नाही. पावसाची झिमझिम सुरूच होती. समोर दिसणाऱ्या तळ्याच्या बांधावर जाईपर्यंत कातडं सैलावलं, आवाज बद्द झाला. ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा. बाई गं, चाललीस मुकीच, म्हटलं, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

वाजणं थांबलं. तिरडीही थांबली. त्या ओल्या रानात सुका पेंढा कुठून मिळणार?

मग चेल्लय्या बापासमोर जाऊन उभा राहिला. चितेचा विस्तव दुसऱ्या कशाला वापरायचा नसतो. त्यानं ते मडकं दोन्ही हातांनी पुढे धरलं. अण्णानं परै त्यावर पालथी धरली. बराच वेळ बापलेक तसेच उभे होते, मध्ये नुसता धूर.

परै पुन्हा खणखणली. शेजारीण मला घरी चल म्हणून ओढायला लागली. मी म्हटलं, ऐकू येतंय तोवर थांब.